बॅटरीचं प्लस-मायनस उलटं लागलं अन् डायनामो गेला: करंट नेमका कुठून कुठे वाहतो?

पावसाने उघडीप दिली, रान वापशावर आलं, हरभऱ्याचं बियाणं घरात येऊन पडलं आणि नेमका ट्रॅक्टर चालू होईना. चावी फिरवली की नुसतं 'टक्' वाजायचं. तीन आठवडे शेडमध्ये उभा होता, बॅटरी पार उतरलेली. आमच्याच घरची दोन वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

बॅटरी काढून तालुक्याला चार्जिंगला दिली. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर घरी आणली. पहाटे पेरणी धरायची म्हणून रात्रीच मोबाइलच्या उजेडात बसवायला घेतली. टर्मिनलवर पांढरं-हिरवं बुरशीसारखं साचलेलं, प्लस-मायनसची खूण दिसत नव्हती. दोन्ही केबल तेल-मातीने काळ्याकुट्ट. 'बॅटरी बहुतेक अशीच होती' म्हणत पहिली केबल आवळली आणि दुसरी टेकवली. मोठी ठिणगी उडाली, जळका वास आला. पाना टाकून मागे सरकलो म्हणून हात वाचला, पण डायनामो वाचला नाही. दुरुस्तीत साडेचार हजार गेले आणि वापशाचे दोन दिवस गेले, ते वेगळेच.

त्या दिवशी दहावीतल्या पुतण्याने विचारलं, "काका, आमच्या पुस्तकात करंट प्लसकडून मायनसकडे जातो असं दिलंय. मिस्त्री म्हणतात मायनसकडून इलेक्ट्रॉन येतात. मग खरं काय? आणि दोन्हीकडून करंटच जाणार असेल तर उलटं लावल्याने जळालं का?"

प्रश्न साधा वाटला, पण मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर वाचून, मिस्त्रींना विचारून आणि शाळेतल्या सरांशी बोलून जे समजलं, ते इथे मांडतो आहे. घरात ट्रॅक्टर, फवारणी पंप, इन्व्हर्टर किंवा सोलर दिवा असलेल्या प्रत्येकाच्या हे उपयोगाचं आहे.

बॅटरीत करंट 'भरलेला' नसतो

आपण 'बॅटरी भरली', 'बॅटरी उतरली' असं बोलतो. त्यामुळे टाकीत पाणी असावं तसा बॅटरीत करंट साठलेला असतो असं वाटतं. पण तसं नसतं. बॅटरी टाकीपेक्षा मोटरपंपासारखी जास्त आहे.

इलेक्ट्रॉन हे अत्यंत बारीक कण. त्यांच्यावर ऋण प्रभार असतो. तांब्याच्या वायरीत ते आधीपासूनच खच्चून भरलेले असतात, अगदी बॅटरी जोडलेली नसतानाही. पाण्याने भरलेली पाइपलाइन मोटर बंद असताना जशी शांत असते, तशी ती वायर. बॅटरी जोडली की एका टोकाकडून इलेक्ट्रॉन ढकलले जातात आणि दुसऱ्या टोकाकडून ओढले जातात.

ढकलणारं टोक म्हणजे मायनस आणि ओढणारं टोक म्हणजे प्लस. वायर, बल्ब, मोटर अशा बाहेरच्या वाटेने इलेक्ट्रॉन मायनसकडून निघून प्लसकडे जातात. मिस्त्रींचं म्हणणं बरोबर होतं.

एकच वायर जोडून बल्ब का लागत नाही, तेही यातून कळतं. ढकललेल्या इलेक्ट्रॉनना परत यायला वाट नसेल तर ते जागचे हलत नाहीत. वाट पूर्ण हवी. पुस्तकात याला 'परिपथ' म्हणतात आणि मिस्त्री 'सर्किट' म्हणतात.

ट्रॅक्टरवर मात्र कितीतरी दिव्यांना एकच वायर गेलेली दिसते. मग दुसरी वाट कुठली? ट्रॅक्टरचं लोखंड. बॅटरीचं मायनस एका जाड पट्टीने किंवा केबलने बॉडीला जोडलेलं असतं. म्हणजे चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, सगळं मिळून एक मोठी मायनसची वायरच. यालाच 'बॉडी अर्थ' म्हणतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पाना धरताना कामाला येणार आहे.

इलेक्ट्रॉन पळत नाहीत, सरकतात

चावी फिरवल्याबरोबर सेल्फ फिरतो, म्हणून इलेक्ट्रॉन सुसाट पळत असतील असं वाटतं. प्रत्यक्षात त्यांची चाल गोगलगायीपेक्षा हळू असते. सेल्फच्या जाड केबलमधून सुरुवातीला तीनशे ॲम्पिअर करंट गेला, तरी त्यातले इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला एक मिलिमीटरही पुढे सरकत नाहीत. इंजिन चालू होईपर्यंत ते फार तर दोन-तीन मिलिमीटर पुढे गेलेले असतात.

मग सेल्फ लगेच कसा फिरतो? कारण वायर आधीच भरलेली असते. भरलेल्या पाइपात या टोकाला दाब दिला की त्या टोकाला पाणी लगेच पडतं. बॅटरीजवळचं पाणी तिथपर्यंत पोचावं लागत नाही. इथेही तसंच.

वेग कमी असला तरी संख्या अफाट असते. १ ॲम्पिअर म्हणजे वायरीच्या एका जागेवरून दर सेकंदाला सुमारे सहा अब्ज अब्ज इलेक्ट्रॉन जाणं. सहावर अठरा शून्यं. सेल्फला त्याच्या कित्येक शे पट लागतात.

प्लस आणि मायनस ठरवतं कोण?

खोक्यावर छापलेली खूण ही फक्त ओळख आहे. प्लस-मायनस खरं ठरतं ते आतल्या प्लेटांवरून.

ट्रॅक्टरची बॅटरी लेड-ॲसिड प्रकारची असते. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ही बॅटरी तयार केली आणि आजही तिचं मूळ तत्त्व तेच आहे. आत दोन प्रकारच्या प्लेटा असतात. एक राखाडी, सच्छिद्र शिशाची, ती मायनस. दुसरी तपकिरी, लेड डायऑक्साइडची; ती प्लस. मध्ये पाणी मिसळलेलं गंधकाम्ल, म्हणजे आपण ज्याला नुसतं 'ॲसिड' म्हणतो ते.

शिसं आम्लाशी क्रिया करतं तेव्हा त्याचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून देतो. ते मायनसच्या प्लेटवर जमतात. लेड डायऑक्साइडला क्रिया होण्यासाठी इलेक्ट्रॉन हवे असतात, म्हणून प्लसची प्लेट त्यांची वाट बघत असते. एकीकडे देणारा, दुसरीकडे घेणारा. बाहेरून वायर जोडली की व्यवहार सुरू होतो.

आतल्या ॲसिडमधून मात्र इलेक्ट्रॉन जात नाहीत. तिथे प्रभार असलेले अणू-रेणू, म्हणजे 'आयन' फिरतात. बाहेर इलेक्ट्रॉन आणि आत आयन, असं मिळून सर्किट पूर्ण होतं.

अशा एका कप्प्यातून साधारण २.१ व्होल्ट मिळतात. सहा कप्पे एकापुढे एक जोडले की १२.६ व्होल्ट. पाणी घालायची सहा बुचं असतात ती यामुळेच.

बॅटरी वापरत गेलं की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट चढतं आणि ॲसिड पातळ होत जातं. म्हणूनच बॅटरीवाला काचेच्या नळीने 'ग्रॅव्हिटी' बघतो. भरलेल्या बॅटरीत ती १.२६ ते १.२८ च्या आसपास दिसते. चार्जिंग म्हणजे बाहेरून जोर लावून हीच क्रिया उलटी फिरवणं. उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर सल्फेट कडक होऊन बसतं आणि मग चार्ज करूनही ती पूर्वीसारखी उभी राहत नाही. आमच्या बॅटरीचं निम्मं दुखणं हेच होतं.

मग पुस्तकातला बाण उलटा का?

पुतण्याचं पुस्तकही चुकीचं नाही. त्यामागे अडीचशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे.

१७४० च्या दशकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन विजेचे प्रयोग करत होते. वीज म्हणजे एक प्रकारचा द्रव आहे, तो जिथे जास्त तिथे 'प्लस' आणि जिथे कमी तिथे 'मायनस', असं त्यांनी मांडलं. घासलेल्या काचेवर हा द्रव जास्त होतो असं त्यांनी धरलं. त्या काळी इलेक्ट्रॉन कोणालाच माहीत नव्हता, त्यामुळे हा अंदाजच होता. तो नेमका उलटा पडला. घासलेल्या काचेवरून इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात.

पुढे १८०० मध्ये इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी जस्त आणि दुसऱ्या धातूच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे, अशी चळत रचून पहिली बॅटरी जगापुढे आणली. विजेचे नियम, सूत्रं, यंत्रं, सगळं 'करंट प्लसकडून मायनसकडे जातो' असं धरून तयार झालं. इंग्लंडच्या जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला तो १८९७ मध्ये. त्यावर ऋण प्रभार निघाला. तोवर दीडशे वर्षं गेली होती.

मग सगळी पुस्तकं बदलायची का? गरज पडली नाही. ऋण कण उजवीकडे जाणं आणि तेवढाच धन प्रभार डावीकडे जाणं, हिशेबात एकच. व्होल्ट, ॲम्पिअर, युनिट काहीही बदलत नाही. म्हणून प्लसकडून मायनसकडच्या बाणाला 'रूढ' किंवा 'संकेतमान्य' दिशा म्हणून तसंच ठेवलं.

परीक्षेत काय लिहायचं? करंटची दिशा विचारली तर प्लसकडून मायनसकडे. इलेक्ट्रॉनची दिशा विचारली तर मायनसकडून प्लसकडे. दोन्ही उत्तरं बरोबर, फक्त प्रश्न नीट वाचायचा.

धनाग्र-ऋणाग्राचा घोळ

मराठी माध्यमाच्या मुलांना आणखी एक अडचण येते. ॲनोडला आपण 'धनाग्र' म्हणतो आणि कॅथोडला 'ऋणाग्र'. धन म्हणजे प्लस, ऋण म्हणजे मायनस. विद्युत अपघटनात, म्हणजे बाहेरून करंट देऊन मुलामा चढवण्यासारख्या कामात हे बरोबर बसतं. पण बॅटरी स्वतः करंट देत असते तेव्हा तिचं मायनस हेच ॲनोड असतं! मूल गोंधळणार नाही तर काय होईल?

ॲनोड, कॅथोड हे शब्द मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये वापरात आणले. त्यांचा अर्थ प्लस किंवा मायनस असा नाहीच. सोपा नियम असा: ज्या प्लेटवरचा पदार्थ इलेक्ट्रॉन सोडतो ती ॲनोड. जिथे पदार्थ इलेक्ट्रॉन घेतो ती कॅथोड.

ट्रॅक्टर चालू करताना शिशाची प्लेट इलेक्ट्रॉन सोडते, म्हणून ती ॲनोड, आणि ती मायनसला आहे. तीच बॅटरी चार्जिंगला लावली की क्रिया उलटते आणि तीच प्लेट आता कॅथोड होते. टर्मिनलवरचं मायनस मात्र मायनसच राहतं. म्हणजे ॲनोड-कॅथोड हे कामाचं नाव आहे आणि प्लस-मायनस हे जागेचं. गडी तोच, सकाळी पेरतो तेव्हा 'पेरणारा', दुपारी पाणी धरतो तेव्हा 'दारं धरणारा'.

बटाट्यावर दिसणारा पुरावा

इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते कुठे ओढले जातात ते बटाट्यावर बघता येतं. मुलांसोबत मोठ्या माणसाने हा प्रयोग जरूर करावा.

फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी किंवा ९ व्होल्टचा सेल घ्या. बटाटा मधोमध कापा. तांब्याच्या दोन वायरींची टोकं सोलून कापलेल्या बाजूत एकमेकींपासून दीड-दोन सेंटिमीटरवर खोचा. टोकं एकमेकींना लागू देऊ नका. दुसरी टोकं बॅटरीला जोडा आणि काही मिनिटं थांबा. एका वायरीभोवती हिरवट-निळसर डाग पडेल. ती प्लसची वायर. दुसरीपाशी बारीक बुडबुडे येतील. ती मायनसची.

कारण काय? प्लसचं टोक तांब्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेतं. इलेक्ट्रॉन गेलेले तांब्याचे अणू आयन होऊन बटाट्याच्या रसात उतरतात आणि त्यांचाच तो हिरवा रंग. मायनसकडून इलेक्ट्रॉन ढकलले जातात, ते रसातल्या हायड्रोजनच्या आयनांना मिळतात आणि वायू सुटतो. इलेक्ट्रॉन कुठून निघतात आणि कुठे जातात याचा हा डोळ्यांसमोरचा पुरावा.

घरच्या लाइटच्या प्लगवर हा प्रयोग कधीही करायचा नाही, जीव जाईल. आणि तो बटाटा नंतर फेकून द्यायचा, जनावरांनाही घालायचा नाही.

उलटं लावलं की काय जळतं?

साधा पिवळा बल्ब उलटा लावला तरी लागतो. त्याच्या तारेला इलेक्ट्रॉन कुठूनही आले तरी फरक पडत नाही. चुंबकाची साधी मोटर उलटी फिरते. पण डायोड, एलईडी, चार्जर आणि सगळी इलेक्ट्रॉनिक प्लेट यांना दिशेचं बंधन असतं.

डायनामो म्हणजे आजचा अल्टरनेटर. त्यात डायोड असतात. डायोड हा पाइपलाइनमधल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारखा असतो, करंटला एकाच दिशेने जाऊ देतो. बॅटरी बरोबर लागलेली असते तेव्हा हे व्हॉल्व्ह बॅटरीचा करंट डायनामोत उलटा शिरू देत नाहीत. बॅटरी उलटी लागली की तेच व्हॉल्व्ह सताड उघडतात. बॅटरीच्या दोन टोकांना जणू थेट वायर जोडल्यासारखं होतं. क्षणात शेकडो ॲम्पिअर वाहतात आणि डायोड जळतात. चावी बंद असली तरी हे घडतं, कारण डायनामोची जाड वायर बहुधा चावीतून न जाता सरळ बॅटरीला जाते. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

आधी काळी काढायची, शेवटी काळी लावायची

मिस्त्री हे नेहमी सांगतात, पण कारण थोडेच सांगतात.

सगळी बॉडी मायनस आहे हे आपण पाहिलं. तुम्ही आधी प्लसचा बोल्ट सोडवायला घेतला आणि पान्याचं दुसरं टोक चुकून पत्र्याला किंवा इंजिनला टेकलं, तर पान्यातून प्लस-मायनस थेट जुळतात. पाना लाल होतो, चिकटून बसतो, हात भाजतो. आधी मायनस काढलं की बॉडीचा बॅटरीशी संबंध तुटतो. मग प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला तरी सर्किट पूर्ण होत नाही.

- काढताना: आधी मायनस, मग प्लस.
- लावताना: आधी प्लस, मग मायनस.

हातात अंगठी, कडं किंवा घड्याळ असेल तर काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक कोरड्या हाताला सहसा जाणवत नाही, पण प्लस आणि बॉडीच्या मध्ये अंगठी आली तर ती तापून बोट भाजतं. भीती शॉकची नसून भाजण्याची आहे.

दुसऱ्या ट्रॅक्टरवरून स्टार्ट करताना

हंगामात शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावून केबलने चालू करणं नेहमीचंच. चुका जास्त होतात त्या इथेच. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच आहेत याची खात्री करा. दोन्ही ट्रॅक्टर एकमेकांना टेकू देऊ नका. मग या क्रमाने जा:

१. लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला.
२. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
३. काळ्या केबलचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला.
४. काळ्याचं शेवटचं टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

चालू झाल्यावर नेमक्या उलट्या क्रमाने काढा.

शेवटचं टोक बॅटरीला का नाही? शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की तो ठिणगीने पेटू शकतो. बॅटरी फुटून ॲसिड तोंडावर उडण्याचे अपघात असेच होतात. म्हणून बॅटरीवर वाकून बघणं, जवळ बिडी-सिगारेट ओढणं, 'करंट आहे का' बघायला दोन टोकं घासून ठिणगी पाडणं, हे सगळं बंद करा. ठिणगी पाडून बघायची सवय आपल्याकडे फार आहे आणि डोळ्याला ती महागात पडते.

ॲसिड डोळ्यात गेलंच तर चोळू नका. लगेच स्वच्छ पाण्याची धार धरा, निदान पंधरा मिनिटं, आणि त्यानंतर थेट दवाखाना गाठा.

खूण दिसत नसेल तर?

जाडी बघा. ट्रॅक्टर-गाडीच्या गोल टर्मिनलच्या बॅटरीत प्लसचा खुंट मायनसपेक्षा थोडा जाड असतो. चुकून उलटं लागू नये म्हणूनच तशी सोय केलेली आहे. केबलचं क्लॅम्प सहज बसत नसेल तर हातोडीने ठोकू नका, आधी थांबा. तेच उलटं असू शकतं.

मीटर लावा. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल पिन एका टर्मिनलला, काळी दुसऱ्याला. आकडा साधा आला, म्हणजे १२.६, तर लाल पिन प्लसवर आहे. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर लाल पिन मायनसवर आहे. त्याच वेळी चार्जिंगही कळतं: १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली.

मीटर लावायचं आणखी एक कारण आहे. पूर्ण उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी कोणी चुकून उलटी चार्जिंगला लावली तर आतल्या प्लेटाच उलट्या चार्ज होऊ शकतात. मग खोक्यावर प्लस छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात तिथे मायनस असतं. म्हणून चार्ज करून आणलेली बॅटरी लावण्याआधी एकदा मीटर टेकवावा.

टर्मिनल स्वच्छ ठेवा. साचलेलं पांढरं-हिरवं खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन टाका. बुचं घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत जाता कामा नये. कोरडं करून वरून थोडं पेट्रोलियम जेली लावा. प्लसच्या केबलला लाल टेप गुंडाळा. पाच रुपयांच्या टेपमुळे आमचे साडेचार हजार वाचले असते.

एक सूचना जुन्या यंत्रांबद्दल. ब्रिटिश बनावटीच्या काही जुन्या ट्रॅक्टर-मोटारींत बॉडीला मायनस नसून प्लस जोडलेलं असे. असं जुनं यंत्र घरात असेल तर अंदाजाने काही करू नका, जाणकाराला दाखवा.

फवारणी पंप आणि टॉर्च

पाठीवरच्या फवारणी पंपात १२ बाय ८ किंवा १२ बाय १२ ची बॅटरी असते. यातला १२ हा व्होल्टचा आकडा, तर ८ किंवा १२ हा ॲम्पिअर-तासाचा. बॅटरी बदलताना पिना उलट्या लागल्या तर साधी मोटर उलटी फिरेल, पण स्पीड कमी-जास्त करायचं बटण असलेली इलेक्ट्रॉनिक प्लेट जळू शकते. जुनी बॅटरी काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, काम सोपं होतं.

टॉर्चमध्ये तीन सेल असतील आणि एक उलटा पडला, तर दोन सेल ढकलतात आणि तिसरा अडवतो. साडेचार व्होल्टच्या जागी दीडच व्होल्ट उरतात. टॉर्च मिणमिणते किंवा लागतच नाही. रात्री पाणी धरायला निघण्याआधी हे बघून घ्या, बिबट्या-सापाच्या दिवसांत टॉर्च म्हणजे जीव की प्राण.

शेवटी एवढंच

पुतण्याला आता उत्तर मिळालं आहे. इलेक्ट्रॉन मायनसकडून प्लसकडे जातात, पुस्तकातला बाण त्याच्या उलट आहे, आणि दोन्ही बरोबर आहेत. पण डायोडला असे दोन मार्ग चालत नाहीत. त्याला एकच दिशा कळते आणि ती चुकली की त्याची भरपाई आपल्या खिशातून होते.

रब्बीची घाई सगळ्यांनाच असते. तरी बॅटरीला हात लावण्याआधी तीन गोष्टी करा: उजेड घ्या, खूण पुसून बघा, मीटर टेकवा. यात दोन मिनिटं जातात. आमचे दोन दिवस गेले होते.